व्हायोलिन बाजूला ठेवणारे संगीतकार : दिमित्री टिओमकिन



चरित्र सांगायचं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर संत, समाजसुधारक, शास्त्रज्ञ, स्वातंत्र्यसैनिक येतात. ते योग्यच आहे. पण आपली मुलं घरी गेल्यावर जे पाहतात, ऐकतात, त्यात चित्रपटांचा वाटा मोठा असतो. नायकाचं नाव त्यांना माहीत असतं, गाणी तोंडपाठ असतात. प्रसंग रंगात आला की मागे जे संगीत वाजतं, ते कोणी केलं हे मात्र मुलांना माहीत नसतं आणि बऱ्याचदा आपल्यालाही नसतं. आज अशाच एका माणसाची ओळख करून घेऊया.

त्यांनी अमेरिकेच्या काऊबॉय चित्रपटांना आवाज दिला. पण ते अमेरिकेत जन्मले नव्हते. त्यांचं बालपण आजच्या युक्रेनमध्ये गेलं आणि त्यांचं इंग्रजी आयुष्यभर रशियन वळणाचंच राहिलं. त्यांचं नाव दिमित्री टिओमकिन.

वेस्टर्न म्हणजे कोणता चित्रपट?

आधी एक शब्द स्पष्ट करूया. इथे वेस्टर्न म्हणजे सरसकट पाश्चात्त्य चित्रपट नव्हे. अमेरिकेच्या पश्चिम भागात, बहुतेक करून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घडणाऱ्या कथांच्या चित्रपटांना वेस्टर्न म्हणतात. मैलोन्‌मैल पसरलेली गवताळ माळरानं, गुरांचे कळप, ते हाकणारे घोडेस्वार काऊबॉय, धुळीने भरलेलं छोटं गाव, गावाबाहेरचं रेल्वे स्टेशन, आणि कायदा सांभाळणारा एकटा मार्शल. आपल्याकडे ‘शोले’ (१९७५) ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे वातावरण लगेच ओळखीचं वाटेल, कारण त्या चित्रपटावर वेस्टर्नची मोठी छाप आहे.

अशा चित्रपटात संवाद थोडे असतात. माणसं फारशी बोलत नाहीत. म्हणून मोकळ्या माळाचा एकटेपणा, येणाऱ्या संकटाची चाहूल, घोड्यांचा वेग हे सगळं सांगायचं काम संगीतावर येतं. आणि हे संगीत म्हणजे निव्वळ गाणी नव्हेत. पन्नास-साठ वादकांच्या वाद्यवृंदासाठी स्वरलिपीत लिहून काढलेली, चित्राच्या सेकंदासेकंदाशी जुळणारी ती रचना असते.

बालपण आणि शिक्षण

टिओमकिन यांचा जन्म १० मे १८९४ रोजी क्रेमेन्चुक या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. हे गाव नीपर नदीच्या काठी आहे. तेव्हा ते रशियन साम्राज्यात होतं, आज युक्रेनमध्ये आहे. वडील डॉक्टर होते. आई संगीत शिकवायची आणि पियानोची पहिली ओळख मुलाला तिच्याकडूनच झाली. थोडक्यात, पहिली शिक्षिका घरातच होती.

पुढे ते सेंट पीटर्सबर्गच्या प्रसिद्ध संगीत महाविद्यालयात दाखल झाले. पियानोसाठी फेलिक्स ब्लूमेनफेल्ड आणि रचनाशास्त्रासाठी अलेक्झांडर ग्लाझुनोव असे नावाजलेले गुरू त्यांना लाभले. ग्लाझुनोव हे रशियन संगीताच्या मोठ्या परंपरेतले रचनाकार. या परंपरेचं एक वैशिष्ट्य लक्षात ठेवा, कारण ते पुढे उपयोगी पडणार आहे. लोकगीतासारखी एखादी साधी चाल घ्यायची आणि तिच्याच आधाराने मोठी रचना उभी करायची, ही रशियन रचनाकारांची आवडती रीत होती.

शिकत असताना पोटापाण्यासाठी टिओमकिन मूकपटांच्या खेळांना पियानो वाजवत. त्या काळी चित्रपटाला आवाज नव्हता. थिएटरात पडद्याजवळ पियानोवादक बसायचा आणि समोर जे दिसेल त्याप्रमाणे वाजवायचा. घोडा धावला की बोटं धावली पाहिजेत, आई रडली की सूर हळवा झाला पाहिजे. महाविद्यालयात शास्त्र मिळालं आणि थिएटरच्या अंधारात चित्राकडे बघून वाजवण्याचा सराव मिळाला. या दुसऱ्या शाळेचं प्रमाणपत्र मिळत नाही, पण पुढे आयुष्यभर तीच कामाला आली.

१९१७ साली रशियात क्रांती झाली. त्यानंतरच्या काळात शहराच्या उघड्या चौकांत हजारो लोकांसमोर भव्य नाट्यप्रयोग होत. त्यांच्या संगीतातही टिओमकिन यांचा हात होता. पण ते दिवस टंचाईचे होते. १९२१ मध्ये ते वडिलांकडे बर्लिनला गेले. तिथे बुसोनी आणि त्यांच्या शिष्यांकडे त्यांनी पियानोचं पुढचं शिक्षण घेतलं आणि बर्लिन फिलहार्मोनिक या नामवंत वाद्यवृंदाबरोबर वादनही केलं. बर्लिनहून ते पॅरिसला गेले आणि पॅरिसहून १९२५ मध्ये न्यूयॉर्कला.

मोडलेला हात

अमेरिकेत सुरुवातीला ते रंगमंचावरच्या करमणुकीच्या कार्यक्रमांत आपल्या मित्राबरोबर पियानो वाजवत. १९२७ मध्ये त्यांचा विवाह अल्बर्टिना राश या नर्तिकेशी झाला. त्या स्वतः नामांकित नृत्यदिग्दर्शिका होत्या आणि त्यांचा स्वतःचा नृत्यसंच होता. १९२८ मध्ये टिओमकिन यांनी पॅरिसच्या ऑपेरागृहात जॉर्ज गर्शविन या अमेरिकन संगीतकाराच्या पियानो कॉन्चेर्टोचा युरोपातला पहिला प्रयोग सादर केला. स्वतः गर्शविन तेव्हा श्रोत्यांत होते. एका रशियन वादकाने अमेरिकेचं नवं संगीत युरोपला ऐकवलं, ही घटना पुढच्या आयुष्याची जणू नांदीच होती.

१९२९ मध्ये अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला. रंगमंचावरची कामं आटली. त्याच सुमारास चित्रपट बोलू लागले होते, म्हणून १९३० मध्ये पती-पत्नी दोघेही हॉलिवूडला आले. सुरुवातीला चित्रपटांतल्या नृत्यांसाठी अल्बर्टिना यांना मागणी होती आणि त्यांच्या बॅले नृत्यांना टिओमकिन संगीत देत. तरी मनात स्वप्न एकच होतं, मैफलीत वाजवणारा मोठा पियानोवादक व्हायचं.

१९३७ साल त्यांच्या आयुष्यात दोन गोष्टी घेऊन आलं. फ्रँक काप्रा या दिग्दर्शकाचा ‘लॉस्ट होरायझन’ हा मोठा चित्रपट त्यांना मिळाला. नवख्या माणसावर एवढी जबाबदारी टाकताना काप्रा यांना धाकधूक होती, म्हणून वाद्यवृंद चालवण्यासाठी त्यांनी मॅक्स स्टायनर या अनुभवी संगीतकाराला बोलावून ठेवलं होतं. संगीत उत्तम झालं आणि टिओमकिन यांचं नाव झालं. त्याच वर्षी त्यांचा हात मोडला. ही दुखापत साधी नव्हती. मैफलीतला पियानोवादक होण्याचं स्वप्न तिथेच संपलं.

विचार करा, लहानपणापासून ज्या हातांवर सगळं उभं केलं तेच हात दगा देतात तेव्हा माणसाने काय करायचं? वय त्रेचाळीस. टिओमकिन यांनी वादन मागे ठेवलं आणि रचना हेच आयुष्याचं काम मानलं. स्वतःची दहा बोटं पुरेनाशी झाली, तेव्हा त्यांनी साठ जणांचे हात वापरायला घेतले. त्याच साली ते अमेरिकेचे नागरिकही झाले.

पार्श्वसंगीत तयार कसं होतं?

हा भाग मुलांना जरूर सांगावा, कारण यात गणित आहे.

टिओमकिन आधी पटकथा वाचत आणि मुख्य पात्रांसाठी, मुख्य भावनांसाठी चाली ठरवत. चित्रीकरण झाल्यावर ते एकेक प्रसंग स्टॉपवॉच लावून पाहत. दार किती सेकंदांनी उघडतं, घोडा किती सेकंदांनी थांबतो, नायक वळून कधी बघतो, याची नोंद होई. मग त्या मोजमापात बसेल असं संगीत लिहिलं जाई. वेळ नेहमीच थोडा असे. म्हणून हॉलिवूडमध्ये संगीतकार मुख्य आराखडा लिहीत आणि कोणत्या वाद्याने कोणता सूर वाजवायचा याचा विस्तार करायला वाद्यरचनाकार मदत करत. टिओमकिन यांच्याबरोबरही असे साहाय्यक होते. शेवटी वादकांच्या तालमी होत आणि ध्वनिमुद्रण होई.

आता गणित पाहूया. चित्रपटाच्या फितीवर एका सेकंदाला २४ चित्रं सरकतात, म्हणजे मिनिटाला १,४४०. दर १२ चित्रांना एक ठोका धरला तर सेकंदाला दोन ठोके आणि मिनिटाला १२०. दर १६ चित्रांना एक ठोका धरला तर मिनिटाला ९०. फितीवर अशा ठरावीक अंतरावर खुणा करून त्यांचा टिकटिक आवाज वादकांच्या कानात सोडण्याची पद्धत हॉलिवूडमध्ये होती. त्यामुळे संगीत आणि चित्र नेमकं एका ठिकाणी येऊन भेटतं. सहावी-सातवीच्या मुलांना गुणोत्तर शिकवताना हे उदाहरण द्यायला हरकत नाही.

टिओमकिन यांची आणखी एक सवय फार शिकण्यासारखी आहे. ते नटांचे आवाज लक्ष देऊन ऐकत. आवाज जाड आहे की पातळ, बोलणं संथ आहे की भराभर, हे पाहून मग वाद्य आणि सूर ठरवत. त्या वेळी कधी कधी ते चित्रीकरणाच्या जागीही जात. कारण सरळ आहे. नटाचा आवाज ज्या पट्टीत आहे त्याच पट्टीत वाद्य वाजलं तर शब्द झाकले जातात. दुसऱ्याचं बोलणं ऐकू यावं म्हणून आपला सूर थोडा बाजूला घ्यायचा, हे त्यांनी शिस्तीने पाळलं.

माळरान तेच

१९४६ च्या ‘ड्युएल इन द सन’पासून टिओमकिन मोठ्या वेस्टर्न चित्रपटांकडे वळले. १९४८ मध्ये हॉवर्ड हॉक्स यांचा ‘रेड रिव्हर’ आला. टेक्सासमधून कॅन्ससपर्यंत हजारो गुरं हाकत नेणाऱ्या माणसांची ही कथा. त्यासाठी टिओमकिन यांनी वाद्यवृंदाबरोबर पुरुषांचं समूहगान वापरलं. त्यातून कळपाचा आवाका आणि त्या माणसांची जिद्द दोन्ही ऐकू येतात.

साहजिकच लोकांना प्रश्न पडे. काऊबॉयच्या मनातलं हा रशियातून आलेला माणूस कसं काय ओळखतो? टिओमकिन यांचं उत्तर ठरलेलं होतं. युक्रेनच्या गवताळ प्रदेशाला स्टेप म्हणतात आणि तिथे कोसॅक नावाचे घोडेस्वार असतात. कोसॅक आणि काऊबॉय यांच्या अडचणी सारख्या, निसर्गावरचं आणि जनावरांवरचं प्रेम सारखं. आणि माळरान म्हणजे शेवटी माळरानच, ते कोणत्याही देशात असो, असं ते सांगत.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. टिओमकिन स्वतः काही कोसॅक नव्हते. ते गावातल्या डॉक्टरांचा मुलगा, घोड्यापेक्षा पियानोजवळ वाढलेले. तरी लहानपणी ज्या सपाट, अफाट प्रदेशाच्या काठावर आपण राहतो त्याचे सूर कानात राहतात. अमेरिकेचा माळ लिहिताना त्यांनी आपला माळ पुसून टाकला नाही. तोच कामाला लावला. परक्या मुलखाची नक्कल करत बसले असते तर ते दुय्यम दर्जाचे अमेरिकन संगीतकार झाले असते. आपल्याकडे असलेलं घेऊन गेले म्हणून ते टिओमकिन झाले.

‘हाय नून’ची कसोटी

आता त्यांच्या सर्वांत महत्त्वाच्या कामाकडे येऊ. १९५२ साली ‘हाय नून’ हा चित्रपट आला. हाय नून म्हणजे भर दुपारचे बारा. निर्माते स्टॅनली क्रेमर, दिग्दर्शक फ्रेड झिनेमन. झिनेमनही ऑस्ट्रियातून अमेरिकेत आलेले, म्हणजे स्थलांतरितच.

कथा छोटी आहे. विल केन या मार्शलचं नुकतंच लग्न झालंय आणि तो नोकरी सोडून पत्नीसह गाव सोडणार आहे. तेवढ्यात बातमी येते की त्याने ज्याला तुरुंगात धाडलं होतं तो गुंड फ्रँक मिलर सुटला आहे आणि बाराच्या गाडीने गावात येतोय. केन पळून जात नाही. मदत मागायला तो गावभर दार दार फिरतो. ज्यांचं त्याने रक्षण केलं तेच लोक एकेक कारण सांगून अंग काढून घेतात. पत्नीचाही हिंसेला विरोध आहे, तीही जायला निघते. चित्रपट साधारण ८५ मिनिटांचा आहे आणि कथेतला वेळही जवळपास तेवढाच आहे. पडद्यावर सारखं घड्याळ दिसत राहतं.

त्या काळात अमेरिकेत साम्यवादी असल्याच्या संशयावरून चित्रपटसृष्टीतल्या लोकांची चौकशी चालू होती. चित्रपटाचे लेखक कार्ल फोरमन यांनाही चौकशी समितीपुढे जावं लागलं आणि नंतर ते देश सोडून इंग्लंडला गेले. संकटात सगळे साथ सोडतात, ही गोष्ट त्यांच्यासाठी नुसती गोष्ट नव्हती.

अशा चित्रपटाला संगीत कसं द्यायचं? टिओमकिन हे मोठ्या आवाजाचे संगीतकार म्हणून ओळखले जात. भरगच्च वाद्यवृंद आणि समूहगान ही त्यांची ओळखच होती. त्यांचं संगीत फार दणदणीत असतं अशी टीकाही होत असे. पण इथे त्यांनी अगदी उलटी वाट धरली.

पहिली गोष्ट म्हणजे, त्यांनी सगळं संगीत एकाच चालीभोवती उभं केलं. ती चाल म्हणजे एक साधं, लोकगीतासारखं गाणं. नुकतंच लग्न झालेला माणूस पत्नीला विनवतो आहे की या घडीला मला सोडून जाऊ नकोस, एवढाच त्याचा आशय. शब्द नेड वॉशिंग्टन यांचे. चित्रपटात ते टेक्स रिटर यांनी गायलं आहे आणि साथीला गिटार, अॅकॉर्डियन आणि ढोलाचा हलका ठेका इतकंच आहे. नेहमीच्या वेस्टर्न चित्रपटाची सुरुवात दणक्यात होई. इथे पडदा उजळतो आणि एकटा माणूस हळू आवाजात गातो. पुढे हीच चाल कधी गाण्याच्या रूपात, कधी वाद्यांवर, कधी मोडून, कधी नुसत्या तुकड्याने परत परत येते. केन रस्त्यावरून एकटाच चालतो तेव्हा ती त्याच्याबरोबर चालते. सेंट पीटर्सबर्गमध्ये शिकलेली ती जुनी रशियन रीत आठवली ना? एका साध्या चालीवर सगळी इमारत!

दुसरी गोष्ट याहून धाडसाची. त्यांनी वाद्यवृंदातून व्हायोलिन काढून टाकली. हॉलिवूडच्या वाद्यवृंदात व्हायोलिन म्हणजे मुख्य आधार. प्रेम, करुणा, विजय, जे काही गोड आणि भव्य ते व्हायोलिनच सांगणार. ती काढली तर उरतात व्हायोला, चेलो, डबल बास ही खालच्या सुरांची तंतुवाद्यं, फुंकून वाजवायची वाद्यं, पितळी वाद्यं आणि पियानो. मागे कुठेतरी माऊथ ऑर्गनचा सूर. त्यामुळे संगीत रूक्ष झालं, धुळीचं झालं, गोडवा नसलेलं झालं. नेमकं तेच हवं होतं. केन हा काही शूरवीराचा पुतळा नाही. त्याला भीती वाटते, त्याच्या चेहऱ्यावर थकवा दिसतो. त्याच्यामागे मधुर व्हायोलिन वाजली असती तर प्रेक्षकाला धीर आला असता. व्हायोलिन नाहीत म्हणून प्रेक्षकही केनसारखाच एकटा पडतो.

तिसरी गोष्ट घड्याळाच्या प्रसंगाची. बारा वाजायला आले आहेत. केन मृत्युपत्र लिहायला बसतो. पडद्यावर लंबक हलतो, चर्चमधली माणसं दिसतात, दारूच्या गुत्त्यातली माणसं दिसतात, रिकामी खुर्ची, रिकामे रूळ. संगीत लंबकाच्या ठोक्यावर चालतं. ठोका तोच, पण वाद्यं एकेक करून वाढत जातात, आवाज चढत जातो, आणि अगदी टोकाला गेल्यावर आगगाडीची शिट्टी होते. संगीत थांबतं. सगळा वाद्यवृंद मिळून जे सांगत होता ते एका शिट्टीने पुरं होतं. ही जागा संगीताने भरण्याचा मोह कुणालाही झाला असता.

गाणं पुढे, चित्रपट मागे

टिओमकिन यांनी आपल्या आठवणींत सांगितलेली हकीकत अशी की, चित्रपट तयार झाल्यावर आधी दाखवला गेला तेव्हा जाणकारांना तो पडेल असं वाटलं. मग टिओमकिन यांनी गाण्याची रेकॉर्ड काढण्यासाठी धडपड केली. फ्रँकी लेन या लोकप्रिय गायकाच्या आवाजातली रेकॉर्ड गाजली आणि चित्रपटाकडे लोकांचं लक्ष वळलं.

१९ मार्च १९५३ रोजी ऑस्कर पुरस्कारांचा सोहळा झाला. दूरचित्रवाणीवरून दाखवलेला हा पहिला ऑस्कर सोहळा. ‘हाय नून’ला चार पुरस्कार मिळाले. गॅरी कूपर यांना अभिनयासाठी, एक संकलनासाठी, आणि उरलेले दोन टिओमकिन यांच्या पार्श्वसंगीतासाठी आणि गाण्यासाठी. गाण्याचा पुरस्कार अर्थातच नेड वॉशिंग्टन यांच्यासह.

यानंतर वेस्टर्न चित्रपटाच्या सुरुवातीला एक गाणं असण्याची प्रथाच पडली. टिओमकिन यांनी ‘गनफाइट अॅट द ओ. के. कोरल’ (१९५७), ‘रिओ ब्राव्हो’ (१९५९), ‘द अलामो’ (१९६०) अशा अनेक वेस्टर्नना संगीत दिलं. काटकसरही पाहा. ‘रेड रिव्हर’मधलीच एक चाल ‘रिओ ब्राव्हो’त नवे शब्द घेऊन गाणं बनून आली. आणि त्यातली मेक्सिकन ट्रम्पेटची धून, जी ऐकून जुनी लोकधून वाटते, ती त्यांनी स्वतः रचलेली होती. तीच त्यांनी पुढे ‘द अलामो’मध्येही वापरली.

गुरूंचे आभार

१९५४ च्या ‘द हाय अँड द मायटी’साठी त्यांना पुन्हा ऑस्कर मिळालं आणि १९५८ च्या ‘द ओल्ड मॅन अँड द सी’साठी चौथं. ‘द हाय अँड द मायटी’चा पुरस्कार घेताना त्यांनी केलेलं छोटं भाषण गाजलं. निर्माता-दिग्दर्शकांच्या नावांची यादी वाचण्याऐवजी त्यांनी बीथोव्हन, ब्राम्ह्स, वाग्नर अशा दिवंगत रचनाकारांचे आभार मानले. सभागृहात हशा पिकला. पण शिक्षक म्हणून मला ते भाषण गमतीपेक्षा मोठं वाटतं. यश मिळाल्यावर, आपण कोणाकडून शिकलो हे जगासमोर सांगायला मोकळं मन लागतं.

१९६७ मध्ये पत्नी अल्बर्टिना यांचं निधन झालं. त्यानंतर टिओमकिन युरोपात राहू लागले आणि १९७२ मध्ये त्यांनी दुसरा विवाह केला. त्याआधी त्यांनी एक जुनी इच्छा पुरी केली. सोव्हिएत रशियात रचनाकार चायकोव्हस्की यांच्या जीवनावर निघालेल्या चित्रपटाच्या (१९७०) निर्मितीत ते सहभागी झाले आणि त्याची संगीत-जुळणीही त्यांनी केली. ज्या देशातून तरुणपणी बाहेर पडले होते, त्या देशाच्या संगीतापाशी ते असे परतले. ११ नोव्हेंबर १९७९ रोजी, वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी, लंडनमध्ये त्यांचं निधन झालं.

आपल्या वर्गासाठी

टिओमकिन यांच्या चरित्रातून तीन गोष्टी मुलांपर्यंत पोहोचाव्यात असं मला वाटतं.

पहिली, एक वाट बंद झाली तरी शिकलेलं वाया जात नाही. मूकपटांपुढे वाजवलेला पियानो त्यांना तीस वर्षांनी उपयोगी पडला.

दुसरी, आपण जिथून आलो ते लपवायचं कारण नाही. आपल्या वर्गांत कामासाठी गाव सोडून आलेल्या पालकांची मुलं असतात. त्यांची बोली, त्यांची गाणी वेगळी असतात. ती पुसून मग शिकवायला घेऊ नका. त्यांच्या माळाचे सूर नवीन गाण्यात येऊ द्या.

तिसरी आणि सर्वांत कठीण, काय वापरायचं नाही हे ठरवता येणं. मुलांच्या निबंधात आपण सुविचार, म्हणी, अलंकार भरायला सांगतो आणि मग प्रत्येक निबंध सारखाच दिसतो. ज्याला व्हायोलिन उत्तम लिहिता येतात, त्यानेच ती बाजूला ठेवली तर अर्थ आहे. म्हणून आधी सगळं शिकवू, आणि मग या निबंधात यातलं काय नको, हेही विचारू.

एक सोपा उपक्रम करून पाहा. एखादा दोन मिनिटांचा प्रसंग आवाज बंद करून मुलांना दाखवा. गट पाडून प्रत्येक गटाला बाक, कंपासपेटी, टाळ्या, तोंडाचे आवाज वापरून पार्श्वसंगीत द्यायला सांगा. दुसऱ्या फेरीत एकच अट घाला : सगळ्यात आवडता आवाज वापरायचा नाही. दोन्ही फेऱ्यांत काय बदललं, हे मुलांनाच सांगू द्या.

चर्चेसाठी प्रश्न

१. मूकपटांना पियानो वाजवण्याचा अनुभव टिओमकिन यांना पुढे कसा उपयोगी पडला?
२. ‘हाय नून’मध्ये व्हायोलिन असती तर केन आपल्याला कसा वाटला असता?
३. दर ८ चित्रांना एक ठोका धरला तर मिनिटाला किती ठोके होतील?
४. तुमच्या गावाचं संगीत करायचं झालं तर कोणता एक आवाज नक्की घ्याल आणि कोणता मुद्दाम सोडाल?

मुलांची उत्तरं, विशेषतः चौथ्या प्रश्नाची, जरूर कळवा.